शीटवरची पहिली ओळ

आमच्या गावातली आइस रिंक पाडली. तिथं आता फ्लॅट उभे राहतायत. त्या जागेची काहीतरी आठवण राहावी म्हणून लायब्ररीत एक छोटं प्रदर्शन व्हायचं आहे. लायब्ररीतल्या बाईंनी मला विचारलं, रिंकच्या ज्युनिअर आइस हॉकी संघाचा इतिहास एका पानात लिहून द्याल का? मलाच विचारलं, कारण त्या संघाच्या सामन्यांच्या शीट माझ्याकडे आहेत. मी सात वर्षं त्या संघाचा स्कोअरर होतो.

पान लिहिलं, इंग्रजीत. संघ कुणी काढला, कप कोणते मिळाले, जर्सी कशी होती. शेवटी लिहिलं, ‘त्या हंगामात पुरेसे खेळाडू न मिळाल्यामुळे संघ बंद करावा लागला.’ वाक्यात चूक काही नाही. पण ते वाचून कुणाला कळणार नाही, की कमी पडलेला खेळाडू आधी एकच होता आणि तो आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसला होता. तो खेळाडू म्हणजे माझी मुलगी. तिला तिथं मी बसवलं होतं.

आम्ही राहतो ते गाव रीडिंग आणि बेसिंगस्टोकच्या मधे आहे. माझं ऑफिस रीडिंगला. मुलगी आठ वर्षांची असताना वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला रिंकवर गेली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं म्हणाली. शनिवारी सकाळी लहान मुलांना हॉकी शिकवायचे. महिनाभराने कोचने सगळ्यांना बर्फावर गोल उभं केलं आणि विचारलं, गोलमध्ये कोण उभं राहणार? सगळी मुलं आपापल्या बुटांकडे बघू लागली. हिने हात वर केला.

गाडीत मी विचारलं, “तूच का?”

“त्याने विचारला आणि कोणीच बोलला नाही ना,” ती म्हणाली. “मला ऑकवर्ड वाटला.” तिचं मराठी तेव्हा असंच होतं.

घरी बायकोला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली. “अहो, म्हणजे समोरून ते काळं दगडासारखं येणार आणि ही मधे उभी राहणार? बाकीचे बाजूला होतात ते बरोबर करतात की!” ते काळं म्हणजे पक, बर्फावरून मारतात ती रबरी चकती.

पण पोर उभी राहिली. सामान क्लबचं होतं, पायाला बांधायचे पॅड तिच्या कमरेपर्यंत यायचे. सराव झाला की ते सगळं ओलं सामान आमच्या मागच्या काचेच्या खोलीत वाळत पडायचं आणि त्याचा वास पूर्ण घरात फिरायचा. देवघर तिथून चार पावलांवर. “उदबत्तीची ताकद संपली,” बायको म्हणायची, पण पॅड उलटेपालटे करून वाळवायची तीच.

मी स्कोअरर झालो तो अपघाताने. एका रविवारी नेहमी शीट लिहिणारी आई आली नाही. कोच माझ्यापाशी आला. तो गावातलाच, बॉयलर दुरुस्तीची कामं करायचा, आवाज खडा. म्हणाला, “लिहिता येतं का तुला?” मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “यस सर.” आजूबाजूचे पालक हसले. सामना संपल्यावर रेफरीने शीटवर सही करताना म्हटलं, या वर्षात मला वाचता आलेली ही पहिली शीट. ते अक्षर माझ्या गावच्या शाळेचं. दुरेघी वहीत रोज एक पान, नाहीतर हातावर पट्टी. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून ऑफिसबाहेर कुणाला माझी गरज लागली ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर घरच्या मैदानावरचा एकही सामना मी चुकवला नाही.

स्कोअररची बाकं दोन पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे शिक्षा झालेल्या खेळाडूंना बसवायच्या कोंडाळ्यांच्या, मधे असतात. थंडी पायातून चढते. बॉलपेन अशा थंडीत लिहायचं बंद होतं, म्हणून मी दोन ठेवायचो, एक हातात आणि एक काखेत, आणि पाच-दहा मिनिटांनी त्यांची अदलाबदल करायचो. शीटखाली कार्बन प्रती असायच्या, त्यामुळे दाबून लिहावं लागे. खोडायचं झालं तर एक आडवी रेघ आणि शेजारी कोचची सही. संघाच्या यादीत गोलकीपर सगळ्यांत वर. आमच्या यादीत पहिल्या ओळीत नंबर एक आणि माझ्या मुलीचं नाव. आपली सही करावी तसं ते माझ्या हातून न बघता उतरायचं.

संघाचा इतिहास मला कळला तो कोचकडूनच, तुकड्या-तुकड्यांनी. रिंक नवीन होती तेव्हा पाच-सहा घरांनी मिळून संघ काढला. पहिल्या जर्सी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फुटबॉल संघाच्या होत्या. आयांनी जुनं नाव उसवून नवा बिल्ला शिवला होता. त्या पहिल्या संघात कोच स्वतः दहा वर्षांचा मुलगा होता. एक काळ असा होता की मुलांना जागा मिळायला वाट बघावी लागे. मग शेजारच्या मोठ्या शहरात नवी रिंक झाली आणि चांगला खेळणारा मुलगा दिसला की त्याचे आईबाप तिकडं गाडी वळवायचे. आम्ही आलो तेव्हा ओहोटी सुरू झालेलीच होती. मुलगी सोळा वर्षांखालच्या संघात गेली तेव्हा शीटवर बारा-तेरा नावं कशीबशी भरायची. आणि गोलकीपर एक. बाकी कुठल्याही जागेवर कुणी कुणाच्या बदली धावू शकतं. गोलमध्ये तसं होत नाही. उभं राहायचं तंत्र वेगळं, स्केट वेगळे, भीती वेगळी.

त्या वर्षी तिचं जीसीएसई होतं. आम्ही मराठी लोक त्याला दहावीच म्हणतो. दिवाळीनंतरच्या शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये आमचा फराळाचा कार्यक्रम होता. एका डॉक्टर मित्राने चिवड्याची बशी हातात घेऊन विचारलं, “काय, कन्या दहावीला ना? क्लास कुठला लावलाय?”

“क्लास नाही लावला. हॉकी आहे ना रविवारी.”

“हॉकी? अजून?” त्याने आपल्या बायकोला हाक मारली. “अगं, ऐकलंस का? यांची पोर पेपरला हेल्मेट घालून बसणार आहे.”

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. त्याच आठवड्यात शाळेतली गणिताची चाचणी झाली आणि तिला शिक्षिकेने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा एक ग्रेड कमी मिळाली.

आपल्याकडे दहावीचं वर्ष म्हणजे काय असतं ते सांगायला नको. घरातली केबल काढतात. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतात. लग्नाला आई एकटीच जाऊन अक्षता टाकून येते. मी ते सगळं साता समुद्रापलीकडं उचलून आणलं होतं हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आई शाळेत गेलीच नाही. मी शाळेच्या कबड्डीच्या संघात होतो, चढाईला चांगला होतो. दहावीला गेलो तेव्हा वडील अर्धा दिवस रजा टाकून, खाकी कपड्यांतच शाळेत आले. हात ग्रीसने काळे होते, ते त्यांनी पाठीमागं धरले होते. कबड्डीच्या गुरुजींना म्हणाले, “गुरुजी, एवढं वर्ष याला सोडा. परीक्षा झाली की मी स्वतः आणून सोडतो.”

गुरुजी म्हणाले, “न्या की. मैदान कुठं पळून जातंय?”

मी वर्षभर अभ्यास केला. फर्स्ट क्लास मिळाला. जूनमध्ये पुन्हा मैदानावर गेलो तर सगळं जागच्या जागी होतं. पोरं होती, चुन्याच्या रेघा होत्या, माझी जागासुद्धा होती. पुढं इंजिनिअरिंगला गेलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, पुण्याहून इकडं आलो. जे काही मिळालं त्याचं मूळ त्या एका वर्षात आहे, असं मी मानत आलोय. वडिलांच्या त्या काळ्या हातांचे उपकार मला कधी फिटणारे वाटले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मी मुलीला समोर बसवलं. बायको कपाटाला टेकून उभी होती.

“परीक्षा होईपर्यंत हॉकी बंद,” मी म्हणालो.

“बाबा, दुसरा गोली नाहीये.”

“मिळेल कुणीतरी. एवढा जुना क्लब आहे.”

“नाही मिळणार. तू शीट लिहितोस ना? तुला माहितीये किती नाव असतात.”

बायको हळूच म्हणाली, “अहो, रविवारचाच तर सामना असतो. सराव तेवढा बंद करू या का?”

मी ऐकलं नाही. मी वडिलांची गोष्ट सांगितली. मुलीने ती लहानपणापासून ऐकलेली होती, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतली. खाकी कपडे, अर्ध्या दिवसाची रजा, पाठीमागं धरलेले हात. मग मी म्हणालो, “काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. रिंक कुठं पळून जातेय?”

“ओके,” ती म्हणाली आणि वर गेली.

कोचला सांगायला मी एकटा गेलो. जाताना दिवाळीतल्या काजू कतलीचा एक बॉक्स घेतला. रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढाच विचार होता. तो रिंकच्या कार पार्कमध्ये व्हॅनमध्ये जाळ्या भरत होता. मी सांगितलं. त्याने जाळी खाली ठेवली.

“सराव नको करू दे,” तो म्हणाला. “नुसती सामन्यापुरती आण. मी घरून घेऊन जाईन, घरी आणून सोडेन. गाडीत पुस्तक वाचू दे.”

“आमच्यात हे वर्ष फार महत्त्वाचं असतं.”

“तिच्याशिवाय माझ्याकडे कुणी नाही, मेट. तुला माहितीये ते.”

“मला वाईट वाटतंय,” मी म्हणालो आणि बॉक्स पुढे केला.

त्याने तो घेतला. झाकणावरच्या लक्ष्मीकडे बघितलं. मग म्हणाला, “बरोबर आहे तुझं. शिक्षण मोठं. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मला कुणी थांबवलं नाही.” तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. टोमणा असता तर घरी जाताना मला भांडायला तरी काही सापडलं असतं.

मी स्कोअररचं काम सोडलं नाही. शब्द दिलेला होता. मुलगी घरी आणि बाप रिंकवर, असे ते रविवार होते. दुसऱ्या क्लबकडून परवानगी काढून दोन सामन्यांपुरता एक गोलकीपर उसना मिळाला. तिसऱ्या सामन्याला तोही नव्हता. संघ उतरलाच नाही तर लीगमधून नाव जाण्याची भीती. तेव्हा आमच्या मुलीची मैत्रीण पुढे आली. बचावफळीत खेळणारी, पंधरा वर्षांची. आयुष्यात कधी गोलमध्ये उभी राहिलेली नव्हती. आमच्या घरी वर्षानुवर्षं वाळलेले ते पॅड तिला बांधले. बक्कल कुठलं कुठं लावायचं तेही तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खाली वाकून लावून दिली.

मग शीट लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीत नंबर एक लिहून पुढं माझ्या मुलीचं नाव लिहिलं.

पूर्ण लिहून झाल्यावर कळलं. चारही प्रतींवर उमटलं होतं. शीट घेऊन कोचकडे गेलो, कारण खोडायला त्याची सही लागते. त्याने बघितलं. माझ्या हातातलं पेन घेतलं, नावावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि वरच्या रिकाम्या जागेत मैत्रिणीचं नाव स्वतःच लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात. पेन परत देताना म्हणाला, “गार झालंय, काखेत धर.”

त्या सामन्यात समोरच्या संघाच्या गोलांचा रकाना दुसऱ्या भागातच भरला. पुढचे मी शीटच्या मागं लिहिले. प्रत्येक गोलची वेळ, कुणी मारला, कुणी पास दिला. शेवटी शेवटी समोरच्या कोचने पोरांना खूण केली, मारू नका, नुसता पक फिरवत राहा. तेव्हा गोलमधून ती मैत्रीण ओरडली, “मारा ना! मी काय इथं बसस्टॉपवर उभी आहे?” आमच्या बाकावरची पोरं हसली. ते त्या संघाचं मी ऐकलेलं शेवटचं हसू.

सामना संपला की आपले सगळे खेळाडू गोलकीपरपाशी जातात आणि हेल्मेटवर टकटक करतात, ही रीत आहे. त्या दिवशी आमची सगळी गेली. मग समोरचा संघही रांगेने गेला. मी काचेतून बघत होतो.

घरी आलो. मुलीने पेपरवरून मान वर न करता विचारलं, “किती?”

मी आकडा सांगितला.

“तिला लागला का?”

“नाही.”

“रडली?”

“हेल्मेटच्या पिंजऱ्यातून दिसत नाही गं.”

“मला दिसलं असतं,” ती म्हणाली आणि टायमर पुन्हा लावला.

त्यानंतर आईबाप एकेक करून दुसरीकडं चौकशा करू लागले. त्यांना दोष देता येत नाही, असे सामने पोरांना किती दिवस खेळवायचे? ख्रिसमसनंतर रिंकच्या कॅफेत कोचने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर चिप्स होत्या, कुणी खाल्ल्या नाहीत. त्याने सांगितलं की संघ लीगमधून काढून घेतलाय. एवढंच सांगायला तो चांगला शर्ट घालून आला होता. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. एक आई तर माझा हात धरून म्हणाली, “तुमच्या मुलीला परीक्षेसाठी शुभेच्छा.” कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी जरा लवकर झोपलो असतो त्या महिन्यांत.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. चांगला लागला. गणितात शिक्षिकेने दिवाळीच्या आधी जी ग्रेड येईल म्हणून सांगितलं होतं नेमकी तीच आली. बायकोने पेढे केले. मी मुलीला म्हणालो, “आता जा, रिंकवर चौकशी कर.” ती चौकशी कसली करणार? तो संघ नव्हता. खालच्या वयाची मुलं वर चढणार कुठं, म्हणून तीही पांगायला लागली होती. पॅड केव्हाच परत गेले होते. मागच्या काचेच्या खोलीत बायकोने तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवल्या होत्या. घराला कसलाही वास येत नव्हता.

काही वर्षांनी रिंकही बंद झाली. तिला शंभर कारणं असतील, जुनं छत, जुनी यंत्रं. ते मी माझ्या डोक्यावर घेत नाही. संघाचं मात्र घेतो. माझ्या गावचं मैदान कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, ते आपोआप तिथं होतं, पोरं तर गल्लोगल्ली होती. इथला संघ दर रविवारी त्या बारा-तेरा घरांनी उचलून धरलेला होता आणि त्यातलं एक घर माझं होतं. सात वर्षं ती नावं माझ्याच हाताने लिहूनही हे मला दिसलं नाही.

गेल्या महिन्यात मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली होती. लीड्सला नोकरी करते. मी तिला लायब्ररीसाठी लिहिलेलं पान दाखवलं. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली.

“नॉट इनफ प्लेयर्स?”

“तसंच झालं ना.”

“बाबा.”

मी पान परत घेतलं. तीच म्हणाली, “मी तेव्हा भांडले का नाही, माहितीये?”

“का?”

“मी भांडणार होते. तू खाली बोलावलंस तेव्हाच कळलं होतं, वरती सगळं ठरवून आले होते. पण तू आजोबांचं सांगितलंस. ते तसे युनिफॉर्मवर शाळेत गेले ते. त्याच्यापुढे मी काय बोलणार? माझी तर नुसती हॉकी होती.”

आयुष्यभर ती गोष्ट मी कृतज्ञतेने सांगत आलो. तिच्यामुळे कुणाचं तोंड बंद होतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि वडिलांनी तरी गुरुजींना विचारलं होतं. मी कोचला फक्त कळवायला गेलो होतो.

तिने शीटचा खोका ओढला आणि शेवटची शीट काढली. खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. कार्बनची प्रत, निळी, रेघेखाली नाव स्वच्छ वाचता येतं.

“हे तू लिहिलंस?”

“सवयीने.”

“आणि ही कोचची सही.” तिने शीट उजेडात धरली. मग म्हणाली, “प्रदर्शनाला हीच दे.”

ती गेल्यावर मी शेवटचं वाक्य बदललं. आता तिथं असं आहे, ‘संघाला एकच गोलकीपर होती. तिच्या वडिलांनी परीक्षेसाठी तिला ऐन हंगामात थांबवलं. त्यानंतर संघ दोन महिने टिकला.’ लायब्ररीतल्या बाईंचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं, मजकूर जरा लांब होतोय, आणि खाडाखोड नसलेली एखादी शीट असेल तर बरं. मी कपांची यादी काढून टाकली. शीट तीच राहू द्या म्हणून कळवलं.

कोचला न विचारता छापायला नको, म्हणून फोन केला. तो कुणाच्या तरी घरी कामावर होता, मागे पाण्याचा आवाज येत होता. मी ते वाक्य वाचून दाखवलं.

“असं नको लिहूस, मेट,” तो म्हणाला. “पोर होती ती.”

“तिच्याबद्दल नाहीये ते. तिच्या वडिलांबद्दल आहे.”

तो म्हणाला, “बरं मग.” नंतर विचारलं, “काय करते ती आता?”

मी सांगितलं. तो खूष झाला, मनापासून. असं काही तो खोटं बोलू शकत नाही.

“आणि गोलमध्ये? उभी राहते का अजून कुठं?”

“नाही,” मी म्हणालो. “त्यानंतर नाहीच.”

पाण्याचा आवाज थांबला. त्याने नळ बंद केला असावा.

“चांगली होती ती,” तो म्हणाला.

“हो.”

“फार चांगली होती.”

मी फोन कानाला तसाच धरून होतो. तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली, गरम पाणी अजून येत नाही म्हणून, आणि तो गेला.